विरजण कुणाकडून

गुन्वोर पहिल्यांदा तळघरात ओरडली तेव्हा नॉर्वेतल्या बर्गन शहरात, सांदवीकन भागातल्या त्या लाकडी घरातल्या सगळ्यांना वाटलं, खून पडला. वरच्या मजल्यावरच्या बाईने पोलिसांना फोन केला. मधल्या मजल्यावरचा हाल्वार, शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर, हातात छत्री घेऊन जिना उतरला. खुन्याशी छत्रीने लढायचा बेत होता, की बर्गनचा माणूस दाराबाहेर छत्रीशिवाय पाऊल टाकत नाही म्हणून ती आपसूक हातात आली, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. खाली येऊन पाहतो तर कपडे धुवायच्या खोलीत वाफच वाफ, आणि त्या वाफेत तळमजल्यावरची रुंद खांद्यांची विधवा बाई, बाह्या कोपरापर्यंत वर सारून, एका लाकडी पिंपाला दम देत उभी.

"कुणावर ओरडताय?" हाल्वारने विचारलं.

"ह्याच्यावर. जागं करतेय त्याला. आणि तुम्ही छत्री घेऊन कुठे निघालात?"

पोलीस आले. त्यातला एक वॉसकडचा, डोंगरातल्या गावाकडचा निघाला. त्याने पिंपाच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि एवढंच विचारलं, "कधी चाखायला यायचं?" बिअर गाळली त्या दिवशी तो बायकोला घेऊन खरंच आला.

गुन्वोरचं माहेर वॉसच्या वर डोंगरात, सोलहेइम नावाच्या मळ्यावर. लग्न होऊन शहरात आली ती इस्पितळाच्या धुलाईत लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. नवरा बंदरातल्या क्रेनवर होता. माणूस चांगला, पण उकळत्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, वास त्याला सोसायचा नाही. म्हणून तो होता तोवर तिने बिअर घातली नाही, नुसतं आईने दिलेलं बिअरचं विरजण जपलं. दरवर्षी एका बरणीत थोडा गोड काढा करायचा, त्यात ते जागवायचं, परत वाळवायचं, डब्यात ठेवायचं. मूलबाळ नव्हतं. नवरा गेला, वर्ष सरलं, आणि तिने भावाकडून घरचा तांब्याचा हंडा मागवून घेतला. त्या हंड्यातली ती पहिली बिअर, आणि तो पहिला ओरडा.

ओरडायचं कारण असं, की विरजण गुपचूप टाकलं तर बिअर पिऊन माणसं पेंगतात, असं तिची आई म्हणायची. टाकताना जसा आवाज, तशी बिअर. विरजण म्हणजे यीस्टच, पण दुकानातल्या पाकिटातलं नव्हे. सोलहेइमचं विरजण त्या घरात कधीपासून होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पूर्वी लाकडाच्या गुंतवलेल्या तुकड्यांचं एक कडं असायचं. फेसाळत्या पिंपात ते बुडवायचं, लडबडलेलं बाहेर काढायचं आणि तुळईला टांगून वाळवायचं. पुढच्या खेपेला तेच कडं नव्या काढ्यात सोडायचं. गुन्वोर ते तागाच्या फडक्यावर पसरून वाळवायची. वाळलं की त्याच्या पिवळट पापुद्र्या व्हायच्या, आणि त्यांना संत्र्याच्या सालीसारखा वास यायचा.

ह्या विरजणाची एक गोष्ट होती. गुन्वोरच्या आजीच्या, राग्नाच्या तरुणपणी सोलहेइमच्या घराला आग लागली. मुलं अंगणात काढली, गुरं सोडली. मग राग्ना पुन्हा आत शिरली. लोकांना वाटलं चांदीचे चमचे आणायला गेली. ती बाहेर आली ती विरजणाचं कडं गळ्यात घालून. डावा कान भाजलेला, केसांची एक बाजू जळालेली. सासू म्हणाली, "अगं, चमचे?" राग्ना म्हणाली, "चमचे घालून बिअर विरजते का?" घर पुन्हा बांधलं, पण बैठकीच्या खोलीवरची एक तुळई जुनीच ठेवली. ती अजून काळी आहे. गुन्वोरने आजीचा तो सुरकुतलेला कान लहानपणी बोटाने चाचपून पाहिलेला होता.

हाल्वार त्या पहिल्या दिवशी जो खाली आला तो येतच राहिला. हंडा उचलायला दोघं लागतात, आणि तो एकटा होता. बायको कधीच सोडून गेली होती. ज्युनिपरच्या, त्या सुवासिक काटेरी झुडपाच्या, फांद्या तोडायला दोघं मिळून फ्लोयेन टेकडीच्या उतारावर जायचे. त्या फांद्या पाण्यात उकळायच्या, त्या पाण्यात भरडलेला माल्ट भिजवायचा, पिंपाच्या तळाशी फांद्याच अंथरून त्यातून काढा गाळायचा, मग कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून दिवसभर उकळायचा. हे सगळं तिने त्याला शिकवलं, आणि तो शिकला. इतिहासाचा मास्तर असूनही शिकला, हे विशेष. उकळी फुटेपर्यंत तो बोलायचा आणि ती ऐकायची.

त्याचं बोलणं एकाच गोष्टीवर: ह्या शहराने बिअर कशी केली आणि कशी घालवली. धक्क्यावर बिअर विकणाऱ्या बायका, त्यांच्या नाकावर टिच्चून जहाजांतून हॉप्सची बिअर आणणारे जर्मन व्यापारी, मग वाफेवरचे कारखाने, मग दारूबंदीवाले. कुठल्या कारखान्याच्या जागी आता बँक आहे, कुठे दाताचा डॉक्टर बसतो, सगळं पाठ. शेवटी नेहमीची तक्रार यायची. "आठशे वर्षं हे शहर दुसऱ्याची बिअर पितंय, गुन्वोर. आधी जर्मनांची, मग डेन्मार्कच्या यीस्टची. आमचं स्वतःचं असं एक थेंब विरजण नाही."

"मग घे की माझं," गुन्वोर म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिच्या खोऱ्यातली रीतच तशी होती. विरजण विकायचं नाही आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. आपलं आंबलं, बिघडलं, तर पूर्वी ज्याला दिलं त्याच्या दारात जाऊन परत मागायचं. म्हणजे देणं हा काही उदारपणा नव्हता. आपलीच ठेव दहा घरी ठेवल्यासारखं ते होतं. फक्त एक गोष्ट पाळायची. बिअर तयार झाली की चाखायला माणसं बसतात, लाकडी वाडगा फिरतो. पहिला घोट घेण्याआधी बिअर घालणाऱ्याने सांगायचं, विरजण कुणाकडून. एकच नाव, ज्याने हातात दिलं त्याचं. मग वाडगा ज्याच्या हातात जाईल त्याने तेच नाव घेऊन प्यायचं. प्रत्येकाने आपल्याला देणाऱ्याचं एक नाव खरं सांगितलं की मागची सगळी माळ आपोआप शाबूत राहते. एखादा खोटं सांगेल, हा विचार त्या खोऱ्यात कुणाला सुचलाच नव्हता.

तिने आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर फडकं उलगडलं, अर्ध्या पापुद्र्या त्याच्या बरणीत घातल्या, आणि राग्नाची गोष्टही सांगितली. गोष्ट विरजणाबरोबरच द्यायची असते. हाल्वारने एकट्याने घातलेली पहिली बिअर चाखायला घरातले सगळे बसले तेव्हा वाडगा हातात घेऊन तो उभाच राहिला. म्हणाला, "गुन्वोरकडून." गुन्वोरने खाली पाहिलं. नवरा गेल्यापासून एवढं भरून आलं नव्हतं तिला, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग शहराच्या एका संग्रहालयाने ठरवलं, बंदराजवळच्या जुन्या गोदामात शहराच्या बिअरचं प्रदर्शन मांडायचं. हाल्वारला सल्लागार नेमलं. त्याच सुमारास एक नवा लहानसा बिअरचा कारखाना निघाला होता, तो चालवणारेही विरजणासाठी हाल्वारकडे येऊ लागले. हाल्वार जिन्यावर भेटला की घाईत असायचा. "गुन्वोर, सगळं मार्गी लागू दे, मग बसू," असं म्हणायचा. उद्घाटनाला मात्र तिला आठवणीने बोलावलं, पुढच्या रांगेतली खुर्चीही ठेवली. तिने वॉसकडचा चांदीचा बिल्ला लावला आणि केस नीट करून गेली.

भाषण छान चाललं होतं. धक्क्यावरच्या बायका आल्या, जर्मन आले, बँक आणि दाताचा डॉक्टर आले, लोक हसले. मग हाल्वारने त्या नव्या कारखान्याची एक बाटली वर धरली. बाटलीवर डोक्याला रुमाल बांधलेल्या एका म्हातारीचं चित्र होतं.

"आठशे वर्षं आपण दुसऱ्याचं प्यायलो," तो म्हणाला. "पण ह्याच शहरात, एका गरीब घरात, एक विरजण जिवंत होतं. माझ्या आजीने ते राखलं. घराला आग लागली तेव्हा ती आत शिरली. लोकांना वाटलं चमचे आणायला गेली..."

गुन्वोरला आधी वाटलं, चुकून म्हणतोय. आता सुधारेल. माणूस बोलण्याच्या भरात 'तिची' म्हणायच्या जागी 'माझी' म्हणून जातो. पण हाल्वार पुढे गेला. कडं गळ्यात आलं, डावा कान भाजला, केसांची एक बाजू जळाली. त्याने आपला हात स्वतःच्या डाव्या कानाशी नेला. 'चमचे घालून बिअर विरजते का' हेसुद्धा त्याने राग्नाच्याच ठसक्यात म्हटलं. तो ठसका त्याने गुन्वोरकडूनच उचलला होता. लोक टाळ्या वाजवू लागले. शेजारची बाई डोळे पुसत गुन्वोरकडे वळली आणि म्हणाली, "काय बाई असेल, नाही?"

आणि गुन्वोरने टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, ती पहिल्या रांगेत होती, हात मांडीवर ठेवून बसणं जमलं नाही. बर्गनमध्ये इतकी वर्षं राहून ती एवढं शिकली होती, की लोकांत तमाशा करायचा नाही. हाल्वारने वरून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जसा मास्तर हुशार पोराकडे पाहून हलवतो तशी.

दुसऱ्या दिवशी तळघराच्या जिन्यात तिने त्याला गाठलं.

"हाल्वार, तुझी आजी दारूबंदी मंडळात होती. निळी फीत लावून फिरायची. तूच सांगितलंयस."

"ती आईची आई. ही वडिलांची."

"वडिलांची आई सार्डिन मासळीच्या कारखान्यात डबे भरायची. तिच्या घराला आग कधी लागली?"

हाल्वारने पायरीवर बूड टेकलं. तो खजील झाल्यासारखा वाटला नाही, थकल्यासारखा वाटला. "हे बघ, त्यांना शहरातलं काहीतरी हवं होतं. प्रदर्शन शहराचं, कारखाना शहराचा. वॉसची म्हातारी म्हटलं असतं तर म्हणाले असते, मग ते वॉसच्या संग्रहालयात जाऊ दे. गोष्ट तुझ्या डोंगरातच पडून राहिली असती. आता अख्खं शहर ऐकतंय."

"तुझ्या आजीची म्हणून ऐकतंय."

"तूच म्हणतेस ना, विरजण कुणाच्या मालकीचं नसतं?"

"विरजण नसतं. आजी असते," गुन्वोर म्हणाली.

"एवढं काय मनाला लावून घेतेस? लोकांना किती भिडली ती गोष्ट, पाहिलंस ना? अगं, तूसुद्धा टाळ्या वाजवल्यास!"

गुन्वोरने त्याच्याकडे पाठ फिरवली. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. सुरी दाखवून कापला असता तर निदान ओरडता तरी आलं असतं. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे तिने ऐकलं होतं, पण बीळ आपणच उकरून, वर वाकून 'या, बसा' म्हणणारी तीच पहिली असावी.

त्या दिवसापासून तिने हाल्वारशी बोलणं सोडलं. तो मात्र जिन्यात भेटला की 'नमस्कार गुन्वोर' म्हणायचा, हसून, जसं काही झालंच नाही. त्याच्या हसण्याचा तिला सगळ्यांत जास्त राग यायचा. तळघर सगळ्यांचं सामाईक, म्हणून तिने विरजणाचा डबा खिडकीजवळच्या कोरड्या फळीवरून उचलला आणि गरम पाण्याच्या टाकीमागे कोंबला. त्याच्या नजरेला पडू नये एवढंच तिच्या मनात होतं. बिअर घालणं बंद केलं. कुणी विरजण मागायला आलं, आणि लोक यायचे, तर ती म्हणायची, "हाल्वारकडे मागा. त्याच्या आजीचं आहे ते." तिला वाटायचं, हा टोमणा आहे. लोकांना टोमणा कळायचा नाही. ते खरंच वर जायचे, हाल्वार त्यांना हसत बरणी भरून द्यायचा, आणि शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी हाल्वारचं नाव झालं. रागाच्या भरात तिने स्वतःच्या हाताने ते काम करून दिलं.

सोलहेइमला तिचा थोरला भाऊ ओदमुंड होता. घरचं ते जुनं कडं अजून तिथल्या भिंतीवर होतं, पण केव्हाच निर्जीव झालेलं. ओदमुंडची बायको हयात होती तोवर दर नाताळला ते साबणाने घासायची. ओदमुंड बिअर घालायचा तेव्हा विरजण बहिणीकडूनच मागवायचा. उन्हाळ्यात गुन्वोर त्याला भेटायला गेली होती, तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. त्याने तिचं मनगट धरलं.

"माझ्या मागे जेवायला बसतील ना लोक, तेव्हा बाटल्या आणू नका, गुन्वोर. आपली घाल. राग्नाची."

"घालीन. पण तू आधी मरायची घाई करू नकोस."

"घाई नाही गं. फक्त आपली हवी."

पानगळीत ओस्नेचा, ओदमुंडच्या मुलीचा, फोन आला. "आत्या, बाबा गेले." ती रडत होती. मग नाक ओढून म्हणाली, "बिअरचं तुला माहीतच आहे. हंडा इथलाच दुसरा आहे. तू फक्त विरजण घेऊन ये."

गुन्वोर तळघरात गेली. टाकीमागचा डबा काढला आणि झाकण उघडलं. टाकी उबदार, भिंत ओली. इतके दिवस त्या दमटात डबा घामेजत राहिला होता. आत हिरवी बुरशी होती. तिने वरचा थर खरवडला, खालीही हिरवंच. संत्र्याच्या सालीचा वास नव्हता, ओल्या मोज्यांचा होता. फडक्याच्या घडीत एखादी पापुद्री राहिली असेल म्हणून तिने फडकं झटकून पाहिलं. मग ती उलट्या घातलेल्या पिंपावर बसली आणि भावासाठी नव्हती रडली एवढी त्या डब्यासाठी रडली. पन्नास वर्षं जे शिळं होऊ दिलं नाही ते तिने एका माणसाच्या धास्तीने मारलं होतं.

दुसऱ्या कुणाकडे असेल तर? तिने आठवून पाहिलं. पूर्वी ज्यांना दिलं ते म्हातारे होऊन गेले, किंवा बिअर घालायचे थांबले. पोलीसदादाची बदली उत्तरेला झाली होती, त्याला फोन लावला, तो म्हणाला, "नाही हो, आमच्या घर बदलण्यात हरवलं. बर्गनमध्ये तो मास्तर आहे ना, त्याच्याकडे मिळेल." शहरात ज्यांच्याकडे होतं ते सगळं हाल्वारकडूनच गेलेलं. मग दुसऱ्याच्या दारात जाण्यात तरी काय अर्थ? रीत सांगत होती, ज्याला दिलं त्याच्याकडे माग. गुन्वोरने डबा घासला, पुसला, आणि जिना चढली.

हाल्वारने दार उघडलं. तिच्या हातातला रिकामा डबा पाहून त्याला सगळं कळलं. एवढा तो तिचाच शागीर्द होता.

"ओदमुंड गेला," ती म्हणाली. "माझं बिघडलंय."

"अरेरे. ये, आत ये." तो मनापासून हळहळला, हे गुन्वोरलाही कबूल करावं लागलं. त्याने एकदाही आढेवेढे घेतले नाहीत. फ्रीज उघडला, कारखान्याची बरणी काढली. बरणीवरही तीच रुमालवाली म्हातारी होती. गुन्वोरने डबा पुढे केला. "ह्यात घाल. बरणी नको."

त्याने चमच्याने डबा भरला, वर आणखी दोन चमचे घातले. संत्र्याचा वास आला आणि गुन्वोरने झाकण घट्ट बसवलं.

"आणि हे बघ," हाल्वार हळूच म्हणाला, "तिथे वाडगा फिरेल तेव्हा... माझं नाव घ्यायची काही सक्ती नाही हं. मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही."

चोर तो चोर आणि वर मोठं मन दाखवतोय! गुन्वोरला वाटलं, डबा त्याच्या डोक्यात घालावा. पण डब्यात ओदमुंडची बिअर होती.

"तुझी सक्ती नसेल," ती म्हणाली आणि जिना उतरली.

सोलहेइमला ओस्नेने फांद्या तोडून ठेवल्या होत्या. दोघींनी मिळून दिवसभर हंडा उकळला. काढा कोमट झाला, गाईच्या ताज्या दुधाइतका, तेव्हा गुन्वोरने पापुद्र्या मुठीत घेतल्या आणि पिंपावर वाकली. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"ओरड ना आत्या," ओस्ने म्हणाली. "नाहीतर लोक माझ्या बाबांच्या जेवणात पेंगतील."

"तू ओरड."

"माझं कुठे आहे विरजण?"

"माझं तरी कुठे आहे?" गुन्वोर म्हणाली. ओस्नेला ते कळलं नाही. तिने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तीच ओरडली, बापाच्या नावाने, इतक्या जोरात की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. गुन्वोरने मूठ उघडली. सकाळपर्यंत पिंपावर फेस चढला होता, अगदी पूर्वीसारखा. गुन्वोरच्या मनात कुठेतरी होतं की हे वर येणार नाही, ह्याला निदान लाज वाटेल. विरजणाला लाज नसते. कुणाच्याही घरात ते सारखंच फुगतं.

ओदमुंडला पुरून माणसं घरी आली. बैठकीच्या खोलीत लांब टेबलं मांडली होती. खोऱ्यातली उरलीसुरली म्हातारी मंडळी, शेजारच्या मळ्यावरचा श्यूर, ओदमुंडचे जुने सोबती, आणि वसंतात नव्याने आलेली तरुण पाद्रीणबाई. वर ती काळी तुळई. वाळवलेलं मटण, बटाटे, पातळ भाकऱ्या झाल्या, आणि ओस्नेने फुलं रंगवलेला मोठा लाकडी वाडगा भरून आत्याच्या हातात दिला.

खोली गप्प झाली. शहरात ही शांतता गुन्वोर विसरून गेली होती. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. काय ऐकायला मिळणार ते त्यांना ठाऊक होतं. राग्नाची नात राग्नाच्या घरात बसून काय सांगणार? तिने खोटं सांगितलं असतं तर एकाही माणसाला शंका आली नसती. 'आईकडून' एवढाच शब्द. हाल्वारने परवानगीसुद्धा दिली होती. पण हे विरजण तिच्या मुठीत आलं ते हाल्वारच्या चमच्याने आलं, आणि रीत तेवढंच विचारते. एकाने खोटं सांगितलं होतं, तेवढं पुरे होतं.

"हाल्वारकडून," गुन्वोर म्हणाली, आणि प्यायली.

श्यूरने कानामागे हात धरला. "कुणाकडून?"

"अय्या, म्हणजे बर्गनचे हाल्वार?" पाद्रीणबाईचा चेहरा उजळला. तिच्या मनात तिळमात्र वाईट नव्हतं. दुःखाच्या घरात ओळखीचं काही सापडल्याचा तो आनंद होता. "मी ते प्रदर्शन पाहिलंय! त्यांच्या आजीने आगीतून हे काढलं. चमचे सोडून दिले आणि हे गळ्यात घालून आली. कान भाजला बिचारीचा. काय एकेक बायका होत्या बर्गनमध्ये!"

श्यूरने सावकाश मान वर केली आणि तुळईकडे पाहिलं. मग एकेक करत सगळ्यांनीच पाहिलं. पाद्रीणबाईनेही पाहिलं, आणि तिला काहीतरी चुकल्याचं उमगलं, पण काय ते कळेना.

"गुन्वोर," श्यूर म्हणाला, "हे तो लोकांसमोर बोलला?"

"हो."

"तू होतीस तिथे?"

"पहिल्या रांगेत."

"मग तू काय केलंस?"

गुन्वोरने वाडग्यातल्या फेसाकडे पाहिलं. इथे खोटं बोलायची सोय नव्हती.

"टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली.

राग्नाने श्यूरला लहानपणी मांडीवर खेळवलं होतं. मग त्याने तिच्या हातातून वाडगा घेतला. "हाल्वारकडून," तो म्हणाला, कडू औषध घ्यावं तसा प्यायला आणि पुढे दिला. "हाल्वारकडून," पुढचा म्हणाला. "हाल्वारकडून," पाद्रीणबाईने अगदी हळू आवाजात म्हटलं. वाडगा ओस्नेपाशी आला तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले. "मी नाही घेणार त्या माणसाचं नाव. बाबांच्या जेवणात तर नाहीच."

"घे, बाळा," गुन्वोर म्हणाली. "विरजण त्याच्याकडूनच आणलंय."

ओस्नेने रडत रडत नाव घेतलं. राग्नाच्या तुळईखाली ते नाव असं तोंडातोंडी फिरलं, आणि वाडगा पुन्हा गुन्वोरच्या हातात आला. तळाशी थोडी उरली होती. ओदमुंडला हवी होती तीच चव, जराही कमी नाही. शेवटचा घोट बिअर घालणाऱ्याने घ्यायचा असतो, म्हणून तो तिने घेतला.